जुन्या गाडीला नवा कार्बोरेटर: आधी ओढ समजून घ्या

जुन्या मोटारसायकलचा कार्बोरेटर बदलायचा म्हणून तालुक्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेलं, की काउंटरवर बहुतेक वेळा दोन डबे येतात. एकात गाडीला मूळचा होता त्याच मापाचा, दुसऱ्यात त्याहून तीन-चार मिलिमीटर मोठा, आणि पुष्कळदा तोच स्वस्त. "मोठा घ्या भाऊ, पिकप वाढते," असा सल्लाही सोबत मिळतो. मागं ४५ किलोची युरियाची बॅग बांधून, पांदणीच्या चिखलातून दुसऱ्या गिअरवर चालणाऱ्या गाडीसाठी हा सल्ला चुकीचा आहे. तो का चुकीचा, हे एकदा नीट कळलं की कोणता कार्बोरेटर घ्यायचा, कोणता जेट (पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा) टाकायचा, डिसेंबरात गाडी का अडखळते आणि मे महिन्यात तीच का जड होते, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं एकाच धाग्यानं सुटत जातात.

विदर्भाच्या खेड्यांत स्प्लेंडर, सीडी १००, बॉक्सर, आरएक्स १००, बुलेट, क्वचित एखादी येझदी अजून रोज कामावर आहे. पण १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ चे नियम लागू झाले आणि जवळजवळ सगळ्या नव्या गाड्यांवर कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. नवी पोरं आता स्कॅनर लावून दुरुस्ती शिकतात, जेट आणि पिनची भाषा जुन्या मिस्त्रींजवळच उरत चालली आहे. म्हणून गाडीच्या मालकालाच हे थोडंफार कळलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

ओढ कुठून येते

पिस्टन खाली जातो तेव्हा इंजिन हवा आत ओढतं. ही हवा कार्बोरेटरच्या नळीतून जाते आणि ती नळी मध्येच अरुंद केलेली असते. मोटारीच्या पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबला की पाण्याचा वेग वाढतो, तसा अरुंद जागी हवेचा वेग वाढतो. वेग वाढला की त्या जागचा दाब उतरतो. खाली फ्लोटच्या, म्हणजे पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या तुकड्याच्या, वाटीत पेट्रोल असतं आणि त्यावर बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतो. खाली दाब जास्त, वर कमी; या फरकामुळं पेट्रोल जेटच्या भोकातून वर चढतं आणि हवेत फवारलं जातं. या दाबाच्या फरकालाच मी इथं ओढ म्हणतो आहे. साध्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोल ढकलणारा पंप नाही आणि हिशेब ठेवणारा सेन्सर नाही. हवा किती आली हे त्याला फक्त ओढीवरून समजतं.

शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला एक किलो पेट्रोलमागं साधारण १४.७ किलो हवा लागते. पण गाडी जोर लावत असते तेव्हा १२.५ ते १३ किलो हवेला एक किलो पेट्रोल, म्हणजे थोडं जास्त पेट्रोल दिलं की ताकद चांगली मिळते आणि इंजिन तापत नाही. हवा फार जास्त झाली तर ज्वाला हळू पसरते, इंजिनाचं हेड तापतं, टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन जाम होऊ शकतो. पेट्रोल फार जास्त झालं तर प्लग काळा, ॲव्हरेज खाली, आणि सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन जातं.

रेस बंद असते तेव्हा आणि पूर्ण उघडी असते तेव्हा एकच भोक दोन्ही कामं करू शकत नाही. म्हणून कार्बोरेटरमध्ये पेट्रोलचे वेगवेगळे रस्ते असतात. रेस बंद ते साधारण एक अष्टमांश उघडेपर्यंत पायलट जेट आणि त्याच्या बाजूचा स्क्रू काम करतो. एक अष्टमांश ते पाव भागात स्लाइडच्या, म्हणजे रेस दिली की वर उचलल्या जाणाऱ्या दट्ट्याच्या, खालच्या कडेचा तिरपा काप महत्त्वाचा. पाव ते पाऊण भागात निमुळती पिन आणि ती ज्यात वरखाली होते ती पितळी नळी, म्हणजे नीडल जेट. पाऊणच्या पुढं मेन जेट. या हद्दी एकमेकींत मिसळतात, पण तक्रार रेसच्या कोणत्या भागात आहे एवढं सांगता आलं, तरी दोष कुठं शोधायचा हे ठरतं. "गाडी चांगली चालून नाही राह्यली" एवढ्यावर कोणत्याही मिस्त्रीला काही करता येत नाही. "अर्ध्या रेसवर अडखळते, पूर्ण दिली की जाते" असं सांगितलं तर तो सरळ पिनकडं जाईल.

दोष खरंच कार्बोरेटरचा आहे का

नवा कार्बोरेटर घेण्याआधी एअर फिल्टर उघडून पाहा. आपल्याकडं हे फार महत्त्वाचं आहे. काळ्या मातीची धूळ बारीक असते, आणि हिंगणघाट, यवतमाळसारख्या जिनिंगच्या गावांत हंगामात हवेत कापसाचा तंतू उडत असतो. तो फोमवर बसून त्याचा अक्षरशः नमदा होतो. फिल्टर चोंदला की हवा कमी पडते आणि ओढ वाढून पेट्रोल जास्त येतं. लक्षणं हुबेहूब बिघडलेल्या कार्बोरेटरची. फोम रॉकेलमध्ये धुवा, पिळून वाळवा, इंजिन ऑइलचा हलका हात द्या आणि बसवा. कागदी फिल्टर असेल तर बदला.

मग टॅपेट, प्लग, कॉम्प्रेशन. त्यानंतर कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधला रबर किंवा गॅस्केट. हा रबर उन्हानं चिरतो आणि चिरेतून जादा हवा आत जाते. मग स्लो (रेस न देता इंजिन चालतं तो वेग) कधीच स्थिर राहत नाही, रेस सोडली तरी आवाज लगेच उतरत नाही. इंजिन स्लोवर ठेवून त्या सांध्याला ब्रशनं थोडं इंजिन ऑइल लावा. आवाज बदलला तर हवा तिथूनच जाते आहे. काही जण इथं पेट्रोल शिंपडतात. गरम इंजिनावर ते करू नका.

हे सगळं ठीक असेल तर कार्बोरेटर उघडा. फ्लोट पिनचं टोक, वाटीचं गॅस्केट, ओ-रिंग झिजले असतील तर दुरुस्तीचं किट टाकून भागतं. पिन सतत थरथरत असल्यानं नीडल जेटचं गोल भोक वर्षांनी लंबगोल होतं आणि मधल्या रेसवर गाडी विनाकारण पेट्रोल पिऊ लागते. पिन आणि नीडल जेट जोडीनं बदलले की ही तक्रार जाते. दोन गोष्टींना मात्र किटचा इलाज नाही. स्लाइड आणि तिचं घर एवढं झिजलं की स्लाइड हातानं खडखड हलते, हा एक. कुणीतरी जेट तारेनं किंवा सुईनं 'साफ' करून भोकच मोठं करून ठेवलं आणि बॉडीतले आटे मारले, हा दुसरा. अशा वेळी नवा घ्यावा.

माप

कार्बोरेटरचं माप म्हणजे त्याच्या नळीचा व्यास. ३४६ सीसीच्या जुन्या बुलेटवर मिकुनी या जपानी कंपनीच्या पद्धतीचा व्हीएम २४ येत असे, ५०० सीसीवर व्हीएम २८. आकडा मिलिमीटरमध्ये आहे. आता ३५० च्या बुलेटवर २८ बसवला तर काय होईल, याचा हिशेब करून पाहू. नळीचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानं वाढतं. २४ वरून २८ म्हणजे क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी जास्त. इंजिन तेच, फेरे तेच, म्हणजे हवाही तेवढीच. तीच हवा मोठ्या नळीतून जाताना तिचा वेग ७३ टक्क्यांवर येतो. आणि ओढ वेगाच्या वर्गानं बदलते, म्हणून ती जवळपास निम्मी होते.

कमी उघड्या रेसवर हा तोटा जाणवत नाही, कारण तेव्हा स्लाइडच वाट अरुंद करून ठेवते. तोटा होतो तो रेस पूर्ण उघडी आणि इंजिनाचे फेरे कमी असताना. चढाव, मागं ओझं, मऊ माती, वरचा गिअर. शेतीच्या गाडीचं आयुष्य नेमकं याच अवस्थेत जातं. ओढ निम्मी झाली की पेट्रोल वेळेवर वर चढत नाही, चढलं तरी बारीक फवारा न होता थेंबाथेंबानं येतं, आणि गाडी गुरगुरून बसते. मोठ्या नळीचा फायदा मिळतो तो फेरे खूप वाढल्यावर, आणि तोही इंजिनाचं हेड, व्हॉल्व्ह आणि सायलेन्सर जास्त हवा पेलणारे असतील तरच.

व्यासाचा अंदाज घ्यायचं एक जुनं सूत्र आहे. एका सिलिंडरची क्षमता लिटरमध्ये घ्या, जास्तीत जास्त ताकद मिनिटाला ज्या फेऱ्यांवर मिळते त्या आकड्यानं गुणा, वर्गमूळ काढा आणि ०.६५ ते ०.९ यांच्यातल्या एखाद्या आकड्यानं गुणा. जुनी स्प्लेंडर ९७.२ सीसीची, ताकद ८००० फेऱ्यांवर. ०.०९७२ गुणिले ८००० म्हणजे ७७८, वर्गमूळ सुमारे २८, त्याला ०.६५ नं गुणलं की १८ मिमी. ०.९ घेतला तर २५, पण तो शर्यतीच्या टोकाचा आकडा. हेच गणित बुलेट ३५० ला लावून पाहा. ताकद ५६२५ फेऱ्यांवर, उत्तर ०.६५ नं २८-२९ येतं आणि कंपनीनं दिला होता २४. बांधणाऱ्यांनी मुद्दाम लहान व्यास निवडला होता, कारण त्यांना हळू चालणारी आणि खालून जोरदार ओढणारी गाडी हवी होती. म्हणून मूळ मापावर विश्वास ठेवा. मूळ माप मिळतच नसेल तर एक मिलिमीटर इकडंतिकडं चालतं. तीन-चार मिलिमीटरची उडी घेऊ नका.

माप जुळलं तरी डबा फोडण्याआधी जुना कार्बोरेटर शेजारी ठेवून बघा. इंजिनाकडचं तोंड बोल्टचं आहे की रबरात घुसणारं, बोल्टचं अंतर तेच आहे का, फिल्टरच्या बाजूचा बाहेरचा व्यास जुळतो का, चोकचा खटका टाकीखाली हात जाईल अशा जागी आहे का, केबलचा शेवट स्लाइडमध्ये बसतो का. आणखी एक प्रश्न दुकानदाराला विचारावाच: याचे जेट सुटे मिळतात का? ज्या कार्बोरेटरचे जेट मिळत नाहीत तो ट्यून करता येत नाही, मग तो कितीही चकचकीत असो. मिकुनी आणि केहिन या जपानी कंपन्यांच्या डिझाइनच्या नकला बाजारात ढिगानं आहेत. काही बऱ्या निघतात, पण त्यांच्या जेटवर छापलेल्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. एकाच आकड्याच्या दोन जेटमधून वेगवेगळं पेट्रोल येतं. माझा कल स्पष्ट आहे: पैसे कमी असतील तर नवी नक्कल घेण्यापेक्षा मूळ कंपनीचा जुना पण स्लाइड घट्ट असलेला कार्बोरेटर घेऊन त्यात नवं किट टाका.

जेटच्या आकड्यांतही एक खोच आहे. केहिनच्या मेन जेटवरचा आकडा भोकाचा व्यास सांगतो. ९५ म्हणजे ०.९५ मिमी. मिकुनीच्या षट्कोनी जेटवरचा आकडा त्यातून किती पेट्रोल वाहतं यावर ठरतो. त्यामुळं "माझ्या जुन्यात ९५ होता, याच्यातही ९५ टाका" हे दोन वेगळ्या कंपन्यांच्या बाबतीत निरर्थक आहे.

युनिकॉर्न, पल्सर यांसारख्या बऱ्याच गाड्यांवर व्हॅक्यूमचा कार्बोरेटर असतो. त्यात केबल स्लाइडला थेट ओढत नाही, ती एक पाकळी उघडते आणि स्लाइड रबरी पडद्यावरच्या ओढीनं आपोआप वर जाते. इंजिन पेलेल तेवढीच वाट उघडत असल्यानं ओझ्याच्या गाडीला हा प्रकार उत्तम. पडदा फाटला तर गाडी एका वेगाच्या पुढं जातच नाही. तो काढून साध्या स्लाइडचा कार्बोरेटर लावण्याआधी नवा पडदा मिळतो का पाहा. पडदा पेट्रोलात किंवा क्लीनरमध्ये बुडवू नका, फुगतो.

बसवताना

स्लाइडचा तिरपा काप फिल्टरच्या बाजूला असला पाहिजे. उलटी बसवली तर चालू होताच इंजिन ओरडत सुटेल. इंजिन चालू करण्याआधी रेस पूर्ण देऊन सोडा. स्लाइड 'खट्ट' आवाज करत खाली बसली पाहिजे. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा, केबल ताणली जाता कामा नये. ज्या टू-स्ट्रोकला वेगळा ऑइल पंप आहे तिथं रेसची केबल पंपालाही जाते. नव्या स्लाइडची चाल कमी-जास्त असेल तर पंपाची खूण पुन्हा जुळवावी लागते. ती राहिली तर पेट्रोलचं माप कितीही बरोबर असलं तरी इंजिन ऑइलवाचून मरेल.

मग फ्लोटची पातळी. ही चुकली तर पुढचं सगळं ट्यूनिंग खोटं, कारण वाटीतलं पेट्रोल किती खोल आहे त्यावर ते वर चढायला किती ओढ लागेल हे ठरतं. वाटीच्या खालच्या ड्रेनच्या तोंडाला पारदर्शक नळी लावा, ती कार्बोरेटरच्या बाजूनं वर धरा, ड्रेनचा स्क्रू ढिला करा. नळीत पेट्रोल जिथं थांबतं तीच आतली पातळी. साधारणपणे ती वाटीच्या सांध्याच्या किंचित खाली असते. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात मिळतो. फ्लोटची पितळी जीभ अगदी थोडी वाकवून पातळी बदलता येते. प्लास्टिकच्या फ्लोटला जीभ नसेल तर वाकवायला काही नाही, फ्लोट पिन आणि तिची जागा तपासा. पेट्रोल ओव्हर होत असेल तर तशीच चालवू नका. फोर-स्ट्रोकमध्ये ते सिलिंडरमधून खाली उतरून इंजिन ऑइल पातळ करतं. ऑइलच्या काठीला पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदलूनच पुढं जा.

ट्यूनिंग

हँडलच्या मुठीवर आणि तिच्या शेजारच्या घरावर पांढरी टेप लावा. रेस बंद, पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण अशा खुणा पेननं करा. हे केल्याशिवाय 'अर्धी रेस' म्हणजे प्रत्येकाची वेगळी असते.

गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करा. थंड इंजिनावर केलेलं ट्यूनिंग टिकत नाही. आधी फक्त स्लो चालण्यापुरतं जमवून घ्या आणि मग मेन जेटपासून सुरुवात करा, कारण पूर्ण रेसवर पेट्रोल कमी पडणं हीच इंजिनाला सगळ्यात घातक अवस्था आहे. मोकळा, सरळ रस्ता हवा, डोक्यावर हेल्मेट हवं, आणि गाडीवर रोजचं ओझं हवं. मोकळ्या गाडीवर ट्यून केलेला कार्बोरेटर दोन पोती बांधली की उघडा पडतो.

तिसऱ्या-चौथ्या गिअरवर रेस पूर्ण देऊन गाडी ओढायला लावा. मग रेस अगदी किंचित मागं घ्या. त्या क्षणी गाडी उलट जोरात ओढू लागली तर पेट्रोल कमी आहे, मोठा मेन जेट टाका. दुसरी खूण चोकची: तक्रार ज्या रेसवर आहे तिथं चोक थोडा ओढा. सुधारली तर पेट्रोल कमी, आणखी बिघडली तर जास्त. हीच परीक्षा सगळ्या टप्प्यांवर चालते आणि ती फार प्रामाणिक आहे. पेट्रोल जास्त असलेली गाडी गरम झाल्यावर आणखी जड होते, फिल्टर काढल्यावर सुधारते. पेट्रोल कमी असलेली रेस सोडताना सायलेन्सरमध्ये फटफटते आणि कार्बोरेटरमधून शिंकते.

प्लगचा रंगही बघतात, पण बघायची रीत आहे. नवा प्लग लावा, पूर्ण रेसवर काही अंतर चालवा, आणि तिथंच क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद करा. स्लोवर घरी येऊन काढलेला प्लग फक्त स्लोचीच हकिगत सांगतो. चिनी मातीच्या बुडाशी, आत खोलवर, फिकट तपकिरी कडं दिसलं पाहिजे. आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर हा रंग पूर्वीपेक्षा फिकाच दिसतो, म्हणून पांढरट दिसला की लगेच घाबरून जेट बदलू नका. वरच्या दोन परीक्षांशी ताडून पाहा.

मग मधली रेस. पिनवर साधारण पाच खाचा असतात आणि एका खाचेत क्लिप असते. क्लिप खाली सरकवली की पिन वर उचलली जाते, पेट्रोल वाढतं. क्लिप वर, तर पिन खाली, पेट्रोल कमी. एका वेळी एकच खाच. ॲव्हरेजचा सगळा खेळ इथं आहे, कारण रोजच्या चालण्यात रेस बहुतेक याच भागात असते. "ॲव्हरेज वाढवून द्या" म्हटल्यावर काही ठिकाणी नुसता मेन जेट लहान केला जातो. त्यानं मधल्या रेसवर फारसं वाचत नाही आणि चढावावर पूर्ण रेस दिली की इंजिन मात्र भाजतं.

शेवटी स्लोचा स्क्रू. इथं एक गोष्ट नीट पाहून घ्या. स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा आहे, बाहेर काढला की पेट्रोलचं प्रमाण कमी होतं. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोल मिश्रणाचा आहे, बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. तो हलक्या हातानं पूर्ण आत घ्या, पेचकस दाबून आवळू नका, नाहीतर त्याचं टोक भोकात अडकून तुटतं. मग दीड फेरा बाहेर. इंजिन चालू, स्लो थोडा वाढवलेला. पाव-पाव फेरा इकडंतिकडं फिरवत जिथं इंजिन सगळ्यात जलद आणि सारखं चालतं ती जागा शोधा, आणि स्लो पुन्हा खाली आणा. हवेच्या स्क्रूची ती जागा एका फेऱ्याच्या आतच सापडली तर पायलट जेट मोठा हवा. अडीच-तीन फेऱ्यांच्या पलीकडं गेली तर लहान. इंजिनाकडच्या स्क्रूला हेच उलटं लावा. स्लो जमला, पण तिथून रेस उचलताना पाव भागाच्या आत गाडी अडखळत असेल, तर स्लाइडचा काप पाहावा लागतो. जास्त कापाची स्लाइड म्हणजे तिथं हवा जास्त. बहुतेक वेळा मूळ मापाच्या कार्बोरेटरमध्ये ही वेळ येत नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदललं ते वहीत लिहा.

इथेनॉल, ऊन आणि थंडी

२०२२ मध्ये देशातल्या पेट्रोलमध्ये सरासरी १० टक्के आणि २०२५ मध्ये २० टक्के इथेनॉल आलं. इथेनॉलला जळायला किलोमागं नऊच किलो हवा लागते. म्हणून २० टक्क्यांच्या पेट्रोलला १४.७ ऐवजी साधारण साडेतेरा किलो हवा पुरते. जुन्या कार्बोरेटरला हे कळत नाही. तो तेवढ्याच हवेला तेवढंच पेट्रोल देत राहतो, आणि इंजिनाला आठ-नऊ टक्के कमी इंधन मिळतं. भरपाई करायची तर मिकुनीचा १०० चा जेट १०५ किंवा ११० होतो. केहिनमध्ये व्यास मोजला जात असल्यानं चार टक्क्यांची वाढ पुरते, ९५ चा ९८ किंवा १००. जुन्या गाड्या कारखान्यातूनच थोडं जास्त पेट्रोल घेणाऱ्या असत, म्हणून लहान टप्प्यापासून सुरू करा. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. ॲव्हरेज सहा-सात टक्के उतरलं तर त्याचा दोष कार्बोरेटरला किंवा मिस्त्रीला देऊ नका. जुने रबरी पाइप, ओ-रिंग आणि फ्लोट पिनचं टोक मात्र इथेनॉलनं फुगतं किंवा कडक होतं. ते नव्या पेट्रोलला चालणारे असेच घ्या.

हवेचंही तसंच. डिसेंबरच्या पहाटे १० अंश आणि मेच्या दुपारी ४५ अंश यांत हवा सुमारे ११ टक्क्यांनी विरळ होते. कार्बोरेटरच्या पेट्रोलचा हिशेब त्याच्या निम्म्यानंच चुकतो, म्हणून चंद्रपूरच्या उन्हात मिश्रणात पाच-सहा टक्के पेट्रोल जास्त होतं आणि गाडी थोडी जड वाटते. चिखलदरा नागपूरपेक्षा सुमारे आठशे मीटर उंच. परतवाड्याहून घाट चढताना हवा विरळ होते पण गारही होते, म्हणून फरक तीन-चार टक्क्यांचाच राहतो. एका दिवसाच्या प्रवासासाठी जेट बदलायची गरज नाही. थंडीत मात्र उलटं घडतं: हवा दाट, इंधन कमी पडतं, आणि त्यात इथेनॉलची आठ-नऊ टक्क्यांची तूट जमा होते. मेमध्ये अगदी काटेकोर ट्यून केलेली गाडी डिसेंबरच्या सकाळी कापसाचे गाठोडे घेऊन बाजाराला निघाली की धोक्याच्या बाजूला असते. म्हणून मेन जेट हिवाळ्यात ठरवावा, निदान उन्हाळ्यात ठरवताना एक टप्पा मोठा ठेवावा. टू-स्ट्रोकसाठी हे तर पाळाच, कारण ऑइल पेट्रोलात मिसळून घालत असाल तर पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. जास्त संरक्षण म्हणून पेट्रोलात जादा ऑइल ओतल्यानं उपाय होत नाही. त्याच जेटमधून तेवढ्या प्रमाणात पेट्रोल कमी जातं.

उन्हाळ्यात आणखी एक त्रास असतो. उन्हातून येऊन गाडी दहा मिनिटं उभी केली की चालूच होत नाही. इंजिनाची धग कार्बोरेटरमध्ये चढते आणि वाटीतलं पेट्रोल उकळतं. अशा वेळी चोक ओढू नका, आत आधीच पेट्रोलची वाफ भरलेली असते. रेस पूर्ण उघडी ठेवून दोन-चार किक मारा. हे रोजचंच होत असेल तर इंजिन आणि कार्बोरेटर यांच्यामधला काळा बेकलाइटचा जाड तुकडा जागेवर आहे का पाहा. धग अडवण्यासाठीच तो असतो. कार्बोरेटर बदलताना तो पुष्कळदा जुन्याबरोबर भंगारात जातो आणि त्याच्या जागी पातळ गॅस्केट लागतं.

पावसाळ्यात पांदण बंद पडून गाडी महिनाभर गोठ्यात उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करा आणि वाटीचा ड्रेन उघडून ती रिकामी करा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, पाणी वाटीच्या बुडाशी बसतं, आणि सगळ्यात बारीक भोक असलेला पायलट जेट आधी बंद होतो. पुन्हा काढाल तेव्हा ड्रेनमधून आलेलं पहिलं पेट्रोल काचेच्या बाटलीत धरून पाहा. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकीही रिकामी करावी लागेल.